‘मॅगझिन म्हणजे नुसता डबा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. पिस्तुलाची जादा मॅगझिनं (मुठीत सरकवायचा, गोळ्या भरायचा सुटा भाग) घेताना दुकानदाराच्या नादी लागू नका, असा त्याचा सूर आहे. मॅगझिन म्हणजे नुसता डबा, सगळ्यात स्वस्त मिळेल ते घ्या. भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, म्हणून दर आठवड्याला रिकामं करा. बिघडलं तर पक्कड घेऊन घरीच दुरुस्त करा. जास्तीत जास्त गोळ्यांचं घ्या. आणि मॅगझिनला कायदा लागत नाही, कुठेही न्या.

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे वाचलं आणि आपल्या ग्लॉक 19 पिस्तुलासाठी सापडली तेवढी स्वस्त मॅगझिनं मागवली. मला फोनवर म्हणाला, “मामा, नुसता डबा तर आहे. उगाच दुप्पट पैसे कशाला द्यायचे?” गणपतीसाठी तो गाडीने न्यू जर्सीला आत्याकडे निघालाय आणि त्यातली दोन डिकीत टाकून नेणार होता. म्हणून हे आजच लिहितोय.

‘मॅगझिनला कायदा लागत नाही. 2004 मध्ये बंदी उठली. रिकामं मॅगझिन कुठल्याही राज्यात न्या, भारतातही न्या.’

मेसेजमध्ये हा मुद्दा शेवटी आहे, पण माणूस तुरुंगात जाईल तो याच्यामुळे, म्हणून आधी हाच.

यातलं खरं तेवढं मान्य करतो. 10 पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांवर केंद्राने 1994 साली घातलेली बंदी सप्टेंबर 2004 मध्ये मुदत संपून गेली. केंद्राच्या कायद्यात मॅगझिन म्हणजे बंदूक नव्हे. त्यावर बंदुकीसारखा नंबर लागत नाही, विकत घेताना पार्श्वभूमीची तपासणी होत नाही. टेक्ससमध्ये गोळ्यांच्या संख्येवर मर्यादाही नाही.

पण राज्यांचे कायदे कुठे गेले? न्यू जर्सीत पूर्वी 15 गोळ्यांची मर्यादा होती, 2018 मध्ये ती 10 वर आणली. त्याहून मोठं मॅगझिन जवळ असणं हाच तिथे गुन्हा. रिकामं असो, डिकीत असो, पिस्तूल टेक्ससला कपाटात कुलूपबंद असो, फरक पडत नाही. चौथ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा 18 महिन्यांपर्यंत. आणि ग्लॉक 19 चं नेहमीचं मॅगझिन असतं 15 गोळ्यांचं. म्हणजे टेक्ससच्या दुकानात पिस्तुलाबरोबर त्याच खोक्यात मिळणारी वस्तू न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचली की गुन्हा ठरते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया इथेही मर्यादा 10 चीच. कोलोरॅडोत 15. इलिनॉयमध्ये पिस्तुलासाठी 15. वॉशिंग्टन राज्यात 2022 पासून 10 पेक्षा मोठी विकता येत नाहीत आणि बाहेरून आणताही येत नाहीत. प्रवासाला संरक्षण देणारा 1986 चा केंद्राचा कायदा आहे ना, असं कुणीतरी म्हणेलच. तो बंदूक घेऊन जाणाऱ्याला संरक्षण देतो ते निघण्याचं आणि पोचण्याचं अशा दोन्ही ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर असेल तरच. इथे पोचण्याचं ठिकाणच अडचणीचं आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत याला आणखी एक धार आहे. ग्रीन कार्ड असलेला माणूस शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर प्रश्न फक्त 18 महिन्यांचा राहत नाही, कार्डावरच गदा येऊ शकते. आणि जे एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांना शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी हे वाचलंय? त्याच गटांमध्ये नुकती नोकरीला लागलेली मुलंही आहेत. त्यांच्या हातात आपण काय देतोय, याचा विचार करा.

आता ‘भारतातही न्या’. हे वाचून माझा संताप झाला. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येतच त्यांचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय ते देशात आणायला कलम 10 ने बंदी आहे. मुंबईच्या विमानतळावर ‘अहो, रिकामं आहे’ म्हणून सुटका होत नाही. अमेरिकेतून बाहेर नेतानाही निर्यातीचे नियम आहेतच. बहुतेक वेळा कुणी मुद्दाम नेत नाही. नेमबाजीच्या रेंजवर वापरलेली सॅक तशीच भारतवारीला काढली जाते आणि आतल्या कप्प्यात एखादं काडतूस किंवा मॅगझिन राहिलेलं असतं. अशा चुकून राहिलेल्या काडतुसांच्या प्रकरणांत आपल्याकडच्या न्यायालयांनी अनेकांना दिलासा दिलाय, हे खरं. नुसता ताबा पुरेसा नाही, त्याची जाणीव असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात म्हटलंय. पण त्या दिलाशापर्यंत पोचायला आधी गुन्हा दाखल होतो, वकील लागतो आणि परतीचं विमान चुकतं. रेंजची सॅक फक्त रेंजसाठीच ठेवा. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानातही रिकामं मॅगझिन हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातच द्यावं लागतं.

‘मॅगझिन म्हणजे नुसता डबा. सगळे सारखेच.’

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचा अर्धा कारभार मॅगझिन चालवतं. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते आणि पुढे येताना मॅगझिनमधली वरची गोळी ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, नेते. तेवढ्या क्षणात खालच्या स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून ठेवलेली असली पाहिजे, आणि मॅगझिनच्या तोंडाच्या आत वळलेल्या दोन कडांनी ती नेमक्या उंचीवर, नेमक्या कोनात धरून ठेवली पाहिजे. कोन चुकला की गोळीचं नाक खाली अडकतं. स्प्रिंग मंद असली की स्लाइड गोळी न घेताच पुढे निघून जाते. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबवायचं कामही मॅगझिनचंच. आतला फॉलोअर (गोळ्यांखालची, स्प्रिंगवर बसलेली पट्टी) स्लाइड अडवणारा खटका वर ढकलतो तेव्हा ती थांबते. एवढी कामं करणारी वस्तू ‘नुसता डबा’ कशी?

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर अमेरिकन लष्कराचं उदाहरण घ्या. 1985 मध्ये त्यांनी बेरेटाचं पिस्तूल एम9 या नावाने स्वीकारलं. इराकमध्ये गेल्यावर तेच पिस्तूल अडकायला लागलं आणि सैनिकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. शोध घेतला तेव्हा बोट मॅगझिनाकडे गेलं. पेंटॅगॉनने स्वतःच्या अटींनुसार बनवून घेतलेल्या मॅगझिनांवर फॉस्फेटचा जाड, खरखरीत लेप होता. तिथली पिठासारखी बारीक धूळ त्या लेपाला धरून बसायची आणि गोळ्या वर सरकेनात. बेरेटाने वाळूत चाचण्या घेतल्या, कारण निश्चित केलं आणि गुळगुळीत लेपाचं वाळू न धरणारं मॅगझिन काढलं. मूळ दोष लेपाचा. मोजमापात कुठे खोट नव्हती, आकार तोच होता, बनवून घेणारं खातं जगातलं सगळ्यात श्रीमंत होतं, तरी नुसत्या पृष्ठभागाने घात केला. मग जिथे प्लॅस्टिक, स्प्रिंग आणि साचा या तिन्हींत पैसे वाचवलेत तिथे काय अपेक्षा ठेवायची?

भाच्याने मागवलेल्यातलं एक मी हातात घेऊन पाहिलंय. ग्लॉकच्या स्वतःच्या मॅगझिनमध्ये प्लॅस्टिकच्या आत पोलादी अस्तर असतं. यात नाही. त्यामुळे पूर्ण भरलं की दोन्ही बाजू किंचित फुगतात आणि मॅगझिन सोडायचं बटण दाबलं तरी ते खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं. रिकाम्या मॅगझिनमध्ये पेन्सिलीने फॉलोअर तळापर्यंत दाबून हळूहळू सोडला तर अर्ध्या वाटेत एका बाजूला कलून थांबतो. आतून बोट फिरवलं की साच्याच्या जोडाची उभी रेघ लागते. अडकतो तो तिथेच. हे तपासायला एकही गोळी खर्च करावी लागली नाही.

‘भरून ठेवलं की स्प्रिंग मरते. दर आठवड्याला रिकामं करा, अर्धंच भरा.’

चांगल्या तारेची स्प्रिंग ठरलेल्या मर्यादेत दाबून ठेवली तर सुरुवातीला किंचित बसते आणि मग तशीच राहते. ती थकते ती पुन्हा पुन्हा दाबल्या-सोडल्याने. म्हणजे दर आठवड्याला काढ-घाल करणारा माणूस स्प्रिंग वाचवत नाही, झिजवतो. वर प्रत्येक वेळी तीच गोळी चेंबरमध्ये ढकलली आणि काढली तर तिचं नाक काडतुसाच्या पितळी नळीत आत दाबलं जाऊन झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो, ते वेगळंच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. छोट्या पिस्तुलांच्या काही मॅगझिनांत कमी जागेत जास्त गोळ्या कोंबलेल्या असतात आणि पूर्ण भरल्यावर स्प्रिंगची वेटोळी जवळजवळ एकमेकांना टेकतात. तिथे ती लवकर सैल पडते. अशा मॅगझिनमध्ये एक गोळी कमी भरणं शहाणपणाचं. पण अर्धं मॅगझिन? ते कशासाठी? भरलेलं मॅगझिन कुलपात ठेवा, घरात मुलं असतील तर त्याशिवाय ठेवूच नका. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

‘स्प्रिंग सैल झाली तर ओढून लांब करा, तोंडाच्या कडा पक्कडीने वाकवा, आत तेल सोडा.’

तिन्ही चूक. बॉलपेनातली स्प्रिंग ओढून पाहा: लांब होते, पण दोन-चारदा दाबली की पुन्हा बसते, आणि वेटोळ्यांमधलं अंतर कायमचं बिघडतं. नवी स्प्रिंग थोडक्या डॉलरांत मिळते. कडांचं माप मिलिमीटरच्या अंशात असतं, ते पक्कडीने साधत नाही. एक कड जास्त उघडली तर स्लाइड पुढे येते तेव्हा एकाच वेळी दोन गोळ्या वर येतात. तेल धूळ धरतं (इराकमध्ये काय झालं ते वर आलंच आहे) आणि गोळीच्या प्रायमरमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) झिरपलं तर ती उडतच नाही. मॅगझिन उघडा, कोरड्या ब्रशने झाडा, फडक्याने पुसा, बंद करा. झालं.

‘जास्तीत जास्त गोळ्यांचं घ्या.’

रेंजवर चालेल. पण ज्याच्या भरवशावर पिस्तूल ठेवलंय ते मॅगझिन निवडताना गोळ्यांचा आकडा आधी नको. ग्लॉक 43एक्ससाठी मूळ 10 च्या जागी 15 गोळ्या मावणारं पोलादी मॅगझिन एक वेगळी कंपनी बनवते. ती कंपनीच सांगते की पिस्तुलातला मॅगझिन अडकवणारा प्लॅस्टिकचा खटका काढून पोलादी बसवा, नाहीतर तो झिजेल. आणि पोलादी बसवला की मूळच्या प्लॅस्टिक मॅगझिनांची खाच झिजायला लागते. पाच गोळ्यांसाठी पिस्तुलाचा भाग बदलायचा, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत तरी आहे का?

मग घ्यायचं काय? पिस्तूल ज्या कंपनीचं तिचंच मॅगझिन, हा पहिला नियम. ग्लॉकचं साधारण 25 ते 30 डॉलरला पडतं. ‘कंपनीच्या नावाचे पैसे घेतात’ हे मेसेजमधलं वाक्य काही पिस्तुलांबाबत मात्र खरं आहे. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात 1965 पासून मेक-गार नावाची कंपनी मॅगझिनं बनवते आणि बऱ्याच पिस्तूल कंपन्यांना पुरवते. तुमचं पिस्तूल सीझेड 75 किंवा सिग पी226 असेल तर मेक-गारच्या स्वतःच्या नावाचं मॅगझिन बिनधास्त घ्या, बहुधा स्वस्तही पडेल. ग्लॉकसाठी मॅगपुल या दुसऱ्या कंपनीचं 15 ते 20 डॉलरला मिळतं. सरावाला उत्तम, आत पोलादी अस्तर नाही एवढं लक्षात ठेवा. ग्लॉक 17 चं मॅगझिन ग्लॉक 19 मध्ये चालतं, थोडं खाली दिसतं इतकंच. उलटं चालत नाही. त्यामुळे जुनी, पोलिसांनी वापरून काढलेली ग्लॉक 17 ची मूळ मॅगझिनं मिळाली तर नवी स्प्रिंग घालून तीही चांगली चालतात.

आता हिशोब. स्वस्त मॅगझिनमध्ये वाचले 10-15 डॉलर. ते भरवशाचं आहे की नाही हे ठरवायला किमान एक खोकं, म्हणजे 50 गोळ्या, त्यातून झाडाव्याच लागतात, आणि 9 एमएमचं साधं खोकं आज जवळपास तेवढ्यालाच पडतं. वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशी उडाले. अडकलं तर मॅगझिनही गेलं.

चाचणी मूळ कंपनीच्या मॅगझिनचीही करायचीच. प्रत्येकावर तळाशी पांढऱ्या रंगाने आकडा टाका. पूर्ण भरा, स्लाइड पुढे बंद असताना बसवून पाहा, नीट अडकतंय ना. सगळ्या गोळ्या झाडा, शेवटी स्लाइड मागे थांबते का बघा, बटणावर ते आपोआप खाली पडतं का बघा. घरात जी गोळी ठेवणार असाल तीही त्यातून चालवा. सरावाच्या गोल नाकाच्या गोळीने सगळं सुरळीत चालतं आणि पोकळ नाकाची अडते, असं होतं. एकाच आकड्याचं मॅगझिन दुसऱ्यांदा अडलं तर त्याची स्प्रिंग बदला. तरीही अडलं तर फेकून द्या आणि फेकण्याआधी तोंडाच्या कडा चिरडून टाका, म्हणजे ते कुणी उचलून वापरणार नाही.