तो लेख नवऱ्याच्या गाडीत बसून लिहिलेला नाही

नमस्कार,

'जर्मनीत पहिलं वर्ष गाडीशिवाय काढा' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया इथे जशीच्या तशी देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाला उत्तर देते आहे: "बाई, नवऱ्याच्या गाडीत बसून बस-ट्रामचं कौतुक लिहिणं सोपं असतं. जर्मनीतल्या गाड्या आता कधीच वेळेवर नसतात. नवखा माणूस तपासनिसाच्या हाती सापडला की ६० युरो गेले. खेड्यात रविवारी बस नसते, त्याबद्दल अवाक्षर नाही. असले सल्ले देऊन लोकांना गोत्यात आणू नका."

रविवारचं मान्य. लहान गावांत रविवारी बस फार कमी असतात, काही ठिकाणी तर आधी फोन करून बोलवावी लागते. हे लेखात यायला हवं होतं.

आता पहिलं वाक्य. मी नोकरी करते, कर भरते आणि गेली अनेक वर्षं म्युनिकमध्ये राहते. माझ्या लेखात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. तो आपण कुठून आणलात? हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर 'बुवा, बायकोच्या गाडीत बसून' असं आपण लिहिलं असतं का? मतभेद असू द्या, पण माणूस कसा फिरतो हे त्याच्या लिहिण्यावरून कळतं, त्याच्या लग्नावरून नाही.

आणि विषय काढलाच आहे तर ऐका. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, कराड आगाराला. सुटीत मी त्यांच्या गाडीला जायची. वेळापत्रक वाचणं, फलाट बदलला की धावणं, शेवटची गाडी चुकली तर काय करायचं, हे मी शाळेच्या वयात शिकले. म्युनिकला आले तेव्हा जर्मन भाषा जेमतेम येत होती, पण बस कशी पकडायची हे येत होतं. थोरली झाली तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. बाबागाडी घेऊन मधल्या दाराने बसमध्ये चढणं, लिफ्ट बंद असली तर पुढच्या स्टेशनला उतरून मागे येणं, हिवाळ्यात अंधारात फलाटावर थांबणं, हे सगळं मी केलं आहे. गाडी घरात आली ती धाकट्याच्या जन्मानंतर, आणि आजही ऑफिसला मी एस-बाननेच, म्हणजे इथल्या लोकलनेच जाते. हे आपल्याला माहीत नव्हतं, कबूल. माहीत नसताना लिहिलंत, हीच माझी तक्रार आहे.

शिवाय नवख्याने गाडी चालवायची ती कुठल्या परवान्यावर? भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. शिकवणी धरून खर्च हजारो युरोंत जातो. घराची अनामत भरून बसलेल्या मुलामुलींना आपण हा सल्ला देणार आहात का?

"कधीच वेळेवर नसतात." कुठल्या गाड्या? २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, हा रेल्वेचाच आकडा आहे आणि तो वाईटच आहे. पण नवखा माणूस रोज आयसीईने, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीने, कॉलेजला जात नाही. तो फिरतो डॉइचलांडटिकिटावर, म्हणजे देशभरातल्या बस, ट्राम, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणाऱ्या मासिक पासावर, जो आयसीईला चालतच नाही. प्रादेशिक गाड्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. म्युनिकमध्ये खरा त्रास वेगळाच आहे: एस-बानच्या जवळपास सगळ्या मार्गिका शहराखालच्या एकाच बोगद्यातून जातात. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला तो बोगदा एका ठिकाणी तुंबला की सगळं शहर तुंबतं. अशा वेळी मुख्य स्टेशनावरून ओस्टबानहोफला (पूर्वेकडच्या स्टेशनला) जायला यू-५ ही भुयारी मेट्रो धरायची, हे मी लेखात लिहिलं होतं. विमानतळाची एस-१ ही लोकल नॉयफार्न स्टेशनात तुटते, एक भाग विमानतळाला आणि दुसरा फ्रायझिंगला जातो, म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच बसा, हेही लिहिलं होतं. आपण तिथपर्यंत वाचलंत का, अशी शंका येते.

६० युरोंच्या दंडाचं म्हणाल, तर ज्याच्याकडे डॉइचलांडटिकिट आहे त्याला तिकीट यंत्रात घालून शिक्का मारायचाच नसतो, म्हणजे तो विसरल्याचा दंडही नाही. तिकीट फोनवर किंवा कार्डावर असतं, सोबत ओळखपत्र ठेवायचं. फोन बंद पडला तरी आठवड्याच्या आत तिकीट दाखवलं की ६० ऐवजी ७ युरो भरून सुटका होते. हे तिकीट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंना झालं आहे आणि नको असेल तर १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. गोत्यात आणणारी गोष्ट असलीच तर ती ही आहे, आणि ती माझ्या लेखात ठळक अक्षरांत आहे.

बाकी 'असले सल्ले' वगैरेवर मला काही म्हणायचं नाही.

रविवारच्या बसबद्दलच्या दोन ओळी आज लेखात घातल्या आहेत. आपली प्रतिक्रियाही तिथेच राहील, मी काढणार नाही. पण पुढची 'बाई' आणि 'नवऱ्याच्या' या शब्दांनी सुरू झाली तर ती मी प्रसिद्ध करणार नाही.