गाणं सापडलंच, तर संग्रह फसला

स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर संग्रह लावायला बसताना पहिलं पथ्य: त्या वेळात गाणी ऐकायची नाहीत. ऐकत ऐकत लावणारा तिसऱ्याच गाण्यापाशी अडकतो आणि त्याच्या याद्या (प्लेलिस्ट) कायम बाराच राहतात. तुम्हाला निदान शंभर हव्यात.

नावांपासून सुरुवात करा. नवी यादी केली की ॲप ‘माय प्लेलिस्ट नंबर २३’ असं काहीतरी स्वतःच सुचवतं, ते बदलायच्या भानगडीत पडू नका. बदलायचंच असेल तर मूडवर जा: ‘पाऊस’, ‘पाऊस २’, ‘पाऊस (खरा)’. त्याहून सरस म्हणजे नुसती चित्रं. जिचं नाव एक ढग आणि एक कप एवढंच आहे, ती यादी शोधताना टाइप काय करायचं हेच सुचत नाही. लॅपटॉपवर राइट क्लिक करून फोल्डरही करता येतो आणि फोल्डरात फोल्डरही. तीन पातळ्या खाली गेलेलं गाणं सहसा वर येत नाही.

शोध बिघडवायचे कष्ट मात्र घेऊ नका, ते आधीच कुणीतरी घेतलेत. मराठी गाण्यांची नावं बहुतेक रोमन लिपीत चढवलेली असतात आणि चढवणाऱ्या प्रत्येकाची रोमन वेगळी. ज्ञानेश्वर कुठे ‘डीएन’ने सुरू होतात, कुठे ‘जीवाय’ने, कुठे ‘जेएन’ने. फोनवर यादी खाली ओढली की शोधायची चौकट येते, पण ती बिचारी अक्षरं जुळवते, अभंग नव्हे. ज्यांना खरंच गाणं हवं असतं ते गायकाच्या आडनावाने शोधतात. त्यातही फडके निघाले तर ‘पीएच’ की ‘एफ’ हा प्रश्न उरतोच.

दशकवार याद्या करणार? मग साल ॲपवर दिसतं तेच धरा. एकच ध्वनिमुद्रण मूळ चित्रपटाच्या अल्बममध्ये असतं, गायिकेच्या ‘सर्वोत्कृष्ट’मध्ये असतं आणि कुठल्यातरी सुपरहिट पन्नासमध्येही असतं. साल छापलेलं असतं ते बहुतेक वेळा त्या संकलनाचं. त्यामुळे कृष्णधवल जमान्यातलं गाणं बिनदिक्कत २०१२ मध्ये जाऊन बसतं. तिन्ही प्रती एकाच यादीत घाला. ‘हे आधीच आहे’ असा इशारा तीच नोंद पुन्हा टाकली तरच मिळतो. तेच गाणं दुसऱ्या अल्बममधून आलं की ॲपच्या लेखी ते परकं.

क्रम मोडायचा तर गीतरामायणाला पर्याय नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे ती ५६ गीतं कथेच्या ओघात ऐकवली. तुम्ही फक्त ‘शीर्षकानुसार’वर बोट ठेवा. ‘आकाशाशी जडले नाते’ रोमन लिपीत ‘ए’त येतं आणि ‘राम जन्मला’ ‘आर’मध्ये. म्हणजे लग्न आधी लागतं आणि नवरदेव नंतर जन्माला येतो. ही मांडणी फक्त तुमच्या पडद्यापुरती असते, पुन्हा ‘कस्टम ऑर्डर’ निवडलं की मूळ क्रम जसाच्या तसा मिळतो. हे घरात कुणाला कळू देऊ नका.

शास्त्रीय संगीतासाठी शफल, म्हणजे गाणी वाटेल त्या क्रमाने वाजवणं. विलंबित (संथ) एकतालातला बडा ख्याल आणि त्यामागची द्रुत (जलद) तीनतालातली बंदिश हे अनेक अल्बममध्ये दोन वेगळे ट्रॅक असतात. शफलमध्ये द्रुत आधी येते, तराणा मध्ये, आणि सगळं उरकल्यावर बुवा निवांत आलापी सुरू करतात. सोबत सेटिंग्जमधला क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणारी सोय, पूर्ण १२ सेकंदांवर न्या. बुवांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीच्या काळी एकचा आणि बाईंचा काळी चारचा असला, की ते १२ सेकंद दोन तानपुरे एकमेकांच्या अंगावर वाजतात. शून्यावर ठेवणारे लोक यातलं काहीच ऐकू शकत नाहीत. शिवाय स्मार्ट शफल आहेच: १५पेक्षा जास्त गाण्यांच्या यादीत ते दर तीनांमागे एक आपल्या पदरचं घालतं. मारवा रागानंतर काय येईल ते त्याच्यावर सोपवा.

गणपतीच्या आरत्यांना वेगळे नियम नाहीत. शफल तसाच ठेवला की मंत्रपुष्पांजली पहिली आणि ‘सुखकर्ता’ प्रसाद वाटताना. खातं फुकटचं असावं, म्हणजे निरांजन हातात असताना मधेच जाहिरात लागते आणि टाळ्या कुणी थांबवायच्या याचा निर्णय यजमानांना घ्यावा लागतो. यादी ‘सहयोगी’ करून लिंक घरच्या ग्रुपवर टाका. लिंकवाल्या प्रत्येकाला गाणं घालता येतं, तसं काढताही येतं. चतुर्थीच्या आदल्या रात्री काकू त्यात कुणाच्या तरी हळदीची गाणी जोडतील. आणि त्या दहा दिवसांनंतर ॲप डिसेंबरपर्यंत तुम्हाला भक्तिगीतंच सुचवू लागलं, तर यादीच्या तीन ठिपक्यांत ‘टेस्ट प्रोफाइलमधून वगळा’ (म्हणजे ही यादी माझ्या आवडीत धरू नका) असं बटण असतं. तिकडे फिरकू नका.

परवान्याची मुदत संपली किंवा अल्बम नव्याने चढवला गेला की जुनी नोंद मरते. ती डोळ्यांआड राहते, यादीतली गाणी मात्र कमी झालेली असतात. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘उपलब्ध नसलेली गाणी दाखवा’ चालू केलं, तर ती राखाडी होऊन दिसतात, आणि त्यांची जिवंत प्रत दुसऱ्या अल्बममध्ये शोधता येते. एवढं शोधणारा माणूस उद्या ती ऐकायलाही लागेल.

शेवटी कंटाळून सगळ्या याद्या उडवाल, हे गृहीत आहे. उडवलेली यादी ब्राउझरमधून खात्यात गेलं की ९० दिवसांपर्यंत परत आणता येते. तेव्हा पश्चात्ताप एक्क्याण्णवाव्या दिवशी करायचा.