कार्ड निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही, हे कुणी सांगितलं?

परवा रात्री मावशीचा फोन आला. नातवाला दोन दिवस ताप, डोळ्यांच्या मागे ठणका. डेंग्यूची झटपट तपासणी केली होती, कार्डावर रक्ताचा थेंब टाकून लगेच निकाल देणारी. "कार्ड निगेटिव्ह आलंय, म्हणजे डेंग्यू नाही. अंग फार दुखतंय, आयबुप्रोफेन देऊ ना?" हे ज्ञान आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजमधलं. त्यात म्हटलंय: कार्ड निगेटिव्ह तर डेंग्यू नाही. सगळ्या टेस्ट सारख्याच, एलायझा (लॅबमध्ये होणारी रक्ततपासणी) ही निव्वळ लूट. आयजीजी (एका प्रकारच्या अँटीबॉडीज) पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता डेंग्यू आहेच. आणि एकदा झाला की पुन्हा होत नाही.

निगेटिव्हचं आधी, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. पोराचं कार्ड होतं आयजीएमचं, म्हणजे संसर्गानंतर शरीर आधी बनवतं त्या अँटीबॉडीज शोधणारं. या अँटीबॉडीज सापडण्याइतक्या व्हायला तापाचा चौथा-पाचवा दिवस उजाडतो. दुसऱ्या दिवशी त्या शोधल्या, तर डेंग्यू असूनही रिपोर्ट निगेटिव्हच येण्याची शक्यता जास्त! पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासायचं असतं, ते विषाणूचंच प्रथिन. शिवाय दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत आयजीएम कधी कधी फारसं वाढतच नाही. अशा निगेटिव्हच्या भरवशावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉलच, तेही मापात. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, खरा धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्ट काहीही असो, तडक हॉस्पिटल गाठा.

"सगळ्या टेस्ट सारख्याच"? २००९ साली 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात बाजारातल्या आयजीएम किट्सची तुलना छापून आली. शंभर रुग्णांमागे सर्वांत वाईट किटनं २१ जण पकडले, सर्वांत चांगल्यानं ९९. मलेरिया असलेल्यांना आणि पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांनाही काही किट्सनी डेंग्यू ठरवलं. प्रमाण मानलेल्या चाचणीशी उत्तम जुळणाऱ्या तीन किट्स निघाल्या, तिन्ही एलायझा. आपली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही नुसत्या कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत. आणि लूट म्हणाल, तर आयजीएम एलायझाच्या किट्स पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून (एनआयव्ही) ठरावीक सरकारी रुग्णालयांना मोफत जातात.

हो, काही खासगी लॅब गरज नसताना तपासण्यांचं अख्खं पॅनेल गळ्यात मारतात, तेवढं खरं. जवळ लॅब नसलेल्या गावात कार्डही उपयोगाचं. पण म्हणून ते एलायझाच्या बरोबरीचं होत नाही.

आयजीजी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतं, नुसतं तेवढंच पॉझिटिव्ह असेल तर ते जुन्या डेंग्यूचंही असेल. आणि पुन्हा होत नाही म्हणे! डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, एक होऊन गेला तरी उरलेले तीन आहेतच, आणि दुसऱ्या वेळी आजार गंभीर होण्याची भीती जास्त.

मावशीला मी आयबुप्रोफेन द्यायचं थांबवलं. सकाळी एनएस१ एलायझा केली, पॉझिटिव्ह. पोरगा ॲडमिट आहे, आज थोडी पेज घेतली. तो मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे. ज्यानं टाकला त्यानं आजच्या आज काढावा, आणि पुढे जिथे जिथे पाठवला तिथे चूक होती असं लिहावं.