एकोणीस ठिपक्यांचा ‘ळ’

पहिलीतलं पोर पाटीवर ‘ळ’ गिरवतं त्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कैक पट वेळ मला तोच ‘ळ’ कॉम्प्युटरवर, इलस्ट्रेटरसारख्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेन टूलने काढायला लागतो. पाटीवर हात जाईल तिकडे रेघ जाते. इथे रेघ दोन अँकर पॉइंटांच्या, म्हणजे रेघ खिळवणाऱ्या ठिपक्यांच्या, मध्ये ताणलेली असते आणि तिने कसं वाकायचं हे ठरवतात त्या पॉइंटांना फुटलेल्या मिशा, म्हणजे हँडलं. मिशी ओढायची आणि गाल फुगतो का ते बघायचं, असा सगळा कारभार.

बरं, गाल मागू तेवढा फुगतही नाही. एक हँडल ८ मिलिमीटर ओढलं तर वळणाचा मध्य ३ मिलिमीटर सरकतो. सॉफ्टवेअर चिक्कू नाही, हिशोबच तसा आहे: मध्यावर दोन्ही टोकांचं वजन एकेक अष्टमांश, दोन्ही हँडलांचं तीन-तीन अष्टमांश. नवशिक्याला हे ठाऊक नसतं. तो एकच मिशी धरून ओढत सुटतो, ती आर्टबोर्डच्या, म्हणजे पडद्यावरच्या कागदाच्या, बाहेर जाते आणि वळणाला एका बाजूने पोट सुटतं. मध्य ३ मिलिमीटर हलवायचा तर दोन्ही हँडलं एकाच दिशेला चार-चार मिलिमीटर हलवावीत. पोट सुटत नाही.

आता ‘ळ’कडे बघा. शिरोरेषेला लटकलेला दांडा आणि त्याखाली आडवा लोळलेला आठ. कागदावरच्या अक्षराचा स्कॅन ट्रेसच्या, म्हणजे आपोआप रेघ काढून देणाऱ्या कमांडच्या, हवाली केला, तर तो शाईच्या प्रत्येक खरखरीशी इमान राखत पॉइंट पेरत जातो. अक्षराला मुंग्या लागल्यासारखं दिसतं. लांबून बघितलं तर छानच वाटतं म्हणा. रेडियम, म्हणजे चिकटवायचं रंगीत शीट, कापायला मशीनवर लावलं की कळतं: ब्लेड जागोजागी अडखळतं, कडेला दातरे पडतात आणि सोलताना पट्टी नेमकी तिथेच फाटते.

हाताने काढायचा तर हिशोब सोपा आहे. आडव्या आठाच्या दोन वाट्यांच्या आतल्या पोकळ्यांना चार-चार पॉइंट, झाले ८. बाहेरून प्रत्येक वाटीला वर, खाली आणि बाहेरच्या कडेला एकेक, ते ६. खाली दोन्ही वाट्या भेटतात तिथे १ टोकदार कोपरा. दांड्याचे ४. एकूण १९. शिरोरेषा वेगळा आयत म्हणून ठेवायची आणि शेवटी युनाइट करायचं, म्हणजे सगळे आकार एकात जोडायचे. एकोणीसाचे वीस झाले तर चालतात, नव्वद झाले की मुंग्या परतल्या म्हणून समजावं.

पॉइंट ठेवायचा तो वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या जागी. शिफ्ट दाबून हँडल ओढलं की ते आडवं किंवा उभं राहतं. लांबीचं म्हणाल, तर चार पॉइंटांच्या गोलाला हँडल त्रिज्येच्या ०.५५२३ पट लागतं, म्हणजे ५० मिलिमीटर त्रिज्येला २७.६. वाटी जरा लांबट असली तरी सुरुवात इथूनच करावी. आडवं हँडल आडव्या मापावर, उभं उभ्या मापावर. मग डोळ्याला पटेल तसं थोडं इकडे-तिकडे. समोरासमोरच्या दोन हँडलांनी मात्र एकमेकांना ओलांडू नये. ओलांडलं की वाटीला टेंगूळ येतं.

खरा छळ स्मूथ पॉइंटचा. त्याची दोन्ही हँडलं एका सरळ रेषेत बांधलेली, म्हणजे कावडच. उजवं टोक खाली दाबलं की डावं वर उचललं जातं, त्यामुळे वाटीची उजवी बाजू सुधारली रे सुधारली की डावी बिघडलेली असते. वैतागून ऑल्ट दाबून कावड मोडली, तर दोन्ही हँडलं सुटी होतात आणि पॉइंटाला कोपरा येतो. कोरलड्रॉ हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे त्यासाठी शेप टूल घेऊन सी दाबतात. दांडा वाटीला मिळतो तिथे हे हवंच असतं. पण वाटीच्या माथ्यावर कावड मोडून हँडलं अंदाजाने पुन्हा एका रेषेत आणली आणि एखाद्या अंशाची चूक राहिली, तर ती लॅपटॉपवर दिसत नाही. दहा फुटी बोर्डावर वाटीला चेपलेल्या पातेल्यासारखा पोचा दिसतो.

पॉइंट वाढवल्याने आकार बदलत नाही. हँडलं तेवढी वाटून घेतली जातात. ही वाटणीची रीत पॉल द कास्तेल्झो यांची. ते १९५९ पासून सित्रोएनमध्ये मोटारींच्या पत्र्याची वळणं गणितात बसवत होते. कंपनीने त्यांचं काम गुपित ठेवलं, रेनोतल्या पिएर बेझिए यांचं छापून आलं, आणि वळणाला नाव लागलं बेझिए. पॉइंट काढताना मात्र अशी सभ्य वाटणी नसते. इलस्ट्रेटरमध्ये पॉइंट निवडून थेट डिलीट दाबलं, तर शेजारच्या दोन्ही रेघा त्याच्यासोबत सती जातात आणि पाथ, म्हणजे अक्षराची बंद कड, उघडा पडतो. त्यासाठी वजा चिन्हाचं पेन घ्यावं. पाथ जोडलेला राहतो, वळण थोडं हलतं, ते पुन्हा हँडलांनी जागेवर आणायचं.

डावी वाटी एकदाची मनासारखी झाली की ती उलटवून उजवीकडे चिकटवायचा मोह होतो. रिफ्लेक्ट करून बघावं, ‘ळ’चा चष्मा होतो. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे जाड-बारीकपणा दोन्ही वाट्यांना एकाच तिरप्या दिशेने येतो. उलटवलेल्या वाटीत जाडी नको त्या खांद्यावर जाऊन बसते. तेव्हा उजवी वाटी पहिल्यापासून काढायची: सात पॉइंट, चौदा मिशा.