म्हणे डॉक्टरची गाडी!

सेकंडहँड गाडी विकणारा प्रत्येक माणूस "डॉक्टरची गाडी हाय ओ, सिंगल हँड" असंच का सांगतो? बेळगावात एवढे डॉक्टर आहेत तरी किती?

माझी पहिली डॉक्टरची गाडी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर, गेट उघडल्या उघडल्या बंद पडली, मागं हॉर्नचा नुसता बँडबाजा. दुसरीचं मीटर ४२,००० किलोमीटर आणि क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत, रबराखालचं लोखंड दिसतंय! डॉक्टर काय घरातच क्लच दाबत बसायचे काय? चोर्ला घाटात तिनं उकळतं पाणी सोडलं, बायको म्हणाली चहा टाकू काय.

तिसरी एमएच ०९, कोल्हापुरात स्वस्त मिळाली म्हणून. स्वस्त कसली डोंबलाची! १२ महिन्यांच्या वर इकडं ठेवायची तर तिकडनं एनओसी आणा, इथला लाइफटाइम टॅक्स भरा, केए २२ नंबर घ्या, आणि तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला परत कोल्हापूर. सीमाप्रश्न आमच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच सोडवायचा ठरवलाय काय?

आता मीच विकायला काढलीय. काल एकजण बघायला आला, विचारतोय, "डॉक्टरची हाय काय?"

होय म्हणालो.