बोस्टन मॅरेथॉनच्या 'त्या' मेसेजबद्दल खुलासा

मेहरूण तलावावर पहाटे पळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'बोस्टन मॅरेथॉन 1897 पासून दरवर्षी, 42.195 किलोमीटरचीच, 1967 मध्ये कॅथरीन स्विट्झर ही तिथे धावलेली पहिली महिला.' यातलं 1897 तेवढं बरोबर आहे.

त्या वर्षी शर्यत होती सुमारे 39 किलोमीटरची. 42.195 हा आकडाच मुळी 1908 च्या लंडन ऑलिंपिकचा. त्याच्याशी जुळवून घ्यायला बोस्टनवाल्यांनी 1924 मध्ये शर्यतीची सुरुवात अ‍ॅशलंडहून मागे हॉपकिंटनला नेली.

'दरवर्षी' हेही खरं नाही. 1918 मध्ये महायुद्धामुळे नेहमीच्या शर्यतीऐवजी सैनिकी तुकड्यांची रिले झाली. 2020 मध्ये कोरोनामुळे रस्त्यावर शर्यत झालीच नाही, आणि पुढच्या वर्षीची एप्रिलऐवजी ऑक्टोबरात झाली. (आपल्याकडे एप्रिलात मॅरेथॉन ठेवली तर पळणाऱ्यांपेक्षा सलाईनच्या बाटल्या जास्त लागतील!)

स्विट्झरचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय: छातीवर 261 नंबर आणि तो ओढून काढायला धावलेला अधिकारी. पण तिच्या एक वर्ष आधी, 1966 मध्ये, बॉबी गिब धावली होती. महिला म्हणून तिचा अर्ज नाकारला गेला होता. ती सुरुवातीजवळच्या झुडपात लपली, पुरुषांचा घोळका सुटल्यावर त्यात घुसली आणि 3 तास 21 मिनिटांत शर्यत पूर्ण केली, तीही बिननंबराची. नंबर लावून धावलेली पहिली म्हणजे स्विट्झर. महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला तो 1972 मध्ये.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर एवढी दुरुस्ती करून पाठवा.