फेब्रुवारीतले तीनशे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. आधीच सांगते. ट्रेनमध्ये टायपायला घेतलीय, कांजूर येईपर्यंत संपली तर संपली, नाहीतर उरलेली घरी, कुकर लावून. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्हाला माहितीच आहे, मी पगार काढते. सव्वीस वर्षं तेच करतेय. कंपन्या बदलल्या, सॉफ्टवेअर बदलली, फेब्रुवारी काही बदलला नाही. दर फेब्रुवारीत चार जण तरी येऊन विचारणार, मॅडम, या महिन्यात शंभर रुपये कमी कसे? मग मी नेहमीची कॅसेट लावायची : अहो, व्यवसाय कर. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० पुरे होतात.

आज दुपारी पॅन्ट्रीत आमचे एक मोठे साहेब मोबाईलवर स्लिप उघडून बसले होते. म्हणाले, "घ्या, इथेही तीनशे. आपण भरत राहायचं आणि यांनी लाडक्या बहिणींना वाटत सुटायचं." सगळे हसले. मीही हसले. लिहायला लाज वाटतेय, पण हसले. आमचा ऑफिसबॉय तिथेच कप गोळा करत होता. त्याच्या बायकोच्या खात्यात ते १५०० येतात हे मला ठाऊक आहे, कारण हप्ता लांबला की तो माझ्याकडे अॅडव्हान्स मागायला येतो. तो हसला नाही. रागावलाही नाही. कप घेतले, ओटा पुसला, गेला.

दोघांच्या स्लिपा मीच केल्यात हो! परवाच. एकाच शीटमध्ये. साहेबांचा महिना साडेचार लाख, याचा साडेसतरा हजार. आणि व्यवसाय कराच्या रकान्यात वर तीनशे, खाली तीनशे. पुरुषमाणूस दहा हजारांच्या वर कमवायला लागला की पुढे सगळे एकाच रांगेत, मग तो साडेदहा हजारवाला असो की दहा लाखवाला. (बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ आहे, हे एक बरं केलं.) म्हणजे वर्षाचा हिशोब धरला तर ऑफिसबॉयच्या दर शंभर रुपयांतला एक रुपया वीस पैसे जातो. साहेबांचे शंभरातले पाच पैसे. पाच! आणि पॅन्ट्रीत बसून रडतंय कोण?

हो, साहेब आयकरही भरतात, वर्षाला तेरा लाखांच्या आसपास. माहितीये मला, तोही मीच कापते. मान्य. पुढे.

साहेबांना हेही ठाऊक नाही की हे तीनशे लाडक्या बहिणीसाठी बसवलेलेच नाहीत. हा कर १९७५ मधला आहे, रोजगार हमीसाठी आणलेला. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला, नालाबंडिंगला, पाझर तलावाला बसली होती, घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेलच. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती, सांगलीकडच्या विसापूरचे. आणि पैसा कुठून आणायचा? तर शहरातल्या पगारदारांकडून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून थोडे कापायचे आणि माणदेशातल्या बाईच्या हातात मजुरी पडायची. कुणावर उपकार नाहीत, फोटो नाहीत, बॅनर नाहीत. पुढे २००५ मध्ये अख्ख्या देशाने कायदा केला, पण आपल्याकडे कायदा १९७७ चा आहे. महाराष्ट्र पुढारलेला म्हणतात तो असल्या गोष्टींमुळे, मिरवणुकांमुळे नाही.

मग बिघडलं कुठे? तर घटनेतच लिहिलंय की हा कर वर्षाला २५०० च्या वर घ्यायचा नाही. ही मर्यादा १९८८ ची आहे. तेव्हा २५०० म्हणजे पैसे होते. आज साहेबांचं रविवारचं ब्रंच होतं त्यात.

आता आक्कांची गोष्ट. जुन्या मित्रमैत्रिणींनी ऐकलीय, परत ऐका.

आमच्या परळच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं, दीड तास. नळ खाली चौकात. तळमजल्यावर मालवणच्या आक्का राहायच्या, त्यांच्याकडे नळाची सूत्रं. कुणी दिली नव्हती, होती. नियम एकच. पहिल्या फेरीत घरटी दोन हंडे. मग तो भाडेकरू असो, पोटभाडेकरू असो, नाहीतर चाळीत ज्यांचं एकमेव दुकान होतं ते दुसऱ्या मजल्यावरचे काका असोत. सगळ्यांचे भरले की दुसरी फेरी. आणि घरात बाळंतीण असेल तर तिला तिसरा हंडा पहिल्याच फेरीत. त्यावर कधी कुणी हूं की चूं केलं नाही. आक्कांचा स्वतःचा हंडा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, बुडाला एम-सील लावलेला, आणि तो रांगेत जिथे असेल तिथेच असायचा. पुढे नाही.

मी सातवीत असताना दुकानवाल्या काकांनी पाणी ओढायची टिल्लू मोटर आणली. रातोरात खालच्या पाइपाला जोड मारला. पहाटे घर्रर्र आवाज, यांच्या पोटमाळ्यावरची टाकी भरतेय, आणि चौकातला नळ फुसफुस हवा सोडतोय. बायका हंडे घेऊन उभ्या. भांडण झालं, सगळी चाळ गॅलरीत. काका चिडून म्हणाले, "मोटर माझ्या पैशाची, लाइट माझी, बिल मी भरतो. चोरी केलीय का?" बाबा कंडक्टर माणूस, रोज हजार लोकांशी डोकं लावणारे, त्यांनाही काही सुचेना. कारण मोटर खरंच काकांची होती.

आक्का खालून म्हणाल्या, "मग चालव की बाबा. आमच्या पाइपाक नको लावू. नुसती चालव."

इतक्या वर्षांत मला याच्यापेक्षा चांगलं अर्थशास्त्र कुणी शिकवलेलं नाही. साहेब म्हणतात मी शून्यातून वर आलो, माझी अक्कल, माझी मेहनत. असेलच. मेहनती आहेत, रात्री अकराला मेल करतात, खोटं कशाला बोलू. पण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, तिथली तेव्हाची फी त्यांनीच एकदा हसत सांगितली होती, आज त्यात दोन वडापाव येतील. ऑफिसला येतात तो पूल लोकांच्या पैशांचा. गाडी धुणारा, लिफ्टवाला, पहाटे चारला उठून डबा भरून कळव्यावरून लटकत येणारा ऑफिसबॉय, ही सगळी माणसं स्वस्तात राबतात म्हणून यांचा दिवस सुरळीत जातो. मोटर तुमची आहे साहेब. नुसती चालवून दाखवा.

(ठाणे आलं. बसायला जागा मिळाली नाही ती नाहीच. हो, कांजूर मागेच गेलं, टायपण्याच्या नादात उतरायची राहिले. आता उलटी गाडी.)

कमेंटमध्ये रेवडी रेवडी करायला येणाऱ्यांनी जरा थांबा, मी लाडकी बहीणची फॅन नाहीये. जुलै २०२४ ला सुरू केली आणि त्याच वर्षी निवडणूक, मला काय समजत नाही का? शिवाय १५०० रुपये देऊन पालिकेची शाळा ओस पाडायची असेल तर ते नकोच. पण त्या पैशांचं बायका काय करतात ते विचारलंय का कुणी? ऑफिसबॉयची बायको त्यातून मुलीच्या क्लासची फी भरते आणि मोबाईल रिचार्ज करते. तीनशेच्या रिचार्जमध्ये पंचेचाळीस रुपये जीएसटी असतो. साहेबांच्या रिचार्जवर टक्का तोच, हिच्याही तोच. त्यामुळे "आमच्या टॅक्सवर" म्हणताना जीभ जरा आवरा. टॅक्स तीही भरते. तिची स्लिप निघत नाही, एवढंच.

घरी आले. चहा घेतला. आता थोडं शांतपणे, आणि थोडं स्वतःबद्दल.

आई गेल्यावर परळची खोली माझ्या नावावर झाली. १८० फुटांची खोली, पुनर्विकासात ३०० फुटांचा फ्लॅट झाला. तो मी भाड्याने दिलाय, महिना ४५ हजार. म्हणजे ऑफिसबॉय महिनाभर राबून कमावतो त्याच्या अडीच पट मी झोपेत कमावते. मी काय केलं त्यासाठी? काहीही नाही. जन्माला आले. आणि त्या जागेला हा भाव आला कशाने? शेजारच्या गिरण्या बंद पडल्या, १९८२ च्या अडीच लाख कामगारांच्या संपानंतर माणसं देशोधडीला लागली, आणि त्यांच्या भोंग्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली म्हणून. १९९१ चा नियम होता की गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, साधारण एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. जवळजवळ समान वाटणी, आक्कांच्या फेरीसारखी. २००१ मध्ये त्यात हळूच बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेड उभी असलेली धरायचीच नाही. गिरणीत शेडच जास्त असणार ना! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ठेवला. झालं. पाइपाला जोड मारला, तोही कायदेशीर. किती गिरणी कामगारांची पोरं अजून घराच्या लॉटरीची वाट बघतायत, तुमच्या ओळखीतही असतील.

आणि माझ्या वारशावर कर किती? शून्य. आपल्याकडे १९५३ पासून वारसाकर होता, १९८५ ला काढून टाकला. संपत्ती कर २०१५ ला काढला. कारण काय, तर जमा फार होत नाही आणि डोकेदुखी जास्त. आता मला सांगा, ऑफिसबॉयच्या तीनशेची डोकेदुखी मात्र सव्वीस वर्षं मला बरोबर जमतेय.

लगेच कुणीतरी लिहील, मॅडम, सत्तरच्या दशकात ९७.७५ टक्के आयकर होता, त्यानेच काळा पैसा वाढला. हो, होता. वाढला. मूर्खपणाच होता तो. पण सत्त्याण्णव आणि शून्य यांच्यामध्ये आकडेच संपले का? माझ्यासारखीच्या एका फ्लॅटवर नका लावू, पण दहा कोटींच्या वर मिळालं तर त्यातलं थोडं ठेवा ना बाजूला. बघा, मी पण कशी माझा फ्लॅट आधी वाचवला. असो. लावा माझ्यावरही, थोडा. बोंब मारेन, पण भरेन.

कारण मीही फुकट खाल्लंय. पालिकेच्या शाळेत शिकले, चौथीपर्यंत फी काय असते माहीत नव्हतं. बाबांची बायपास पालिकेच्या केईएम रुग्णालयात झाली, बाहेर केली असती तर आईच्या बांगड्या गेल्या असत्या. तेव्हा कुणी आम्हाला रेवडी म्हणालं नाही. म्हणालं असेल तर कुठल्यातरी पॅन्ट्रीत, आमच्या पाठीमागे.

आणि टिल्लूची गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगते. उरलेली ही. आक्का बोलल्या, काका गप्प झाले, मोटर काही निघाली नाही. सहा महिन्यांत पहिल्या मजल्यावर एक आली. मग अजून दोन. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे आली, बाबांच्या दिवाळीच्या बोनसमधून. पोरीचं दहावीचं वर्ष, पहाटे नळावर उभी कशाला राहील, असं आई म्हणाली. बटण पोटमाळ्याच्या शिडीजवळ होतं आणि ते दाबायचं काम माझं. साडेचारला उठायचे, बटण दाबायचे, पुस्तक उघडायचे. गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघितलं की आक्का शेजारच्या चाळीतून हंडा आणताना दिसायच्या. कमरेवर एका बाजूने, कारण दुसऱ्या बाजूचं हाड दुखायचं. एकदा त्यांनी वर बघितलं. मी आत सरकले. बटण बंद नाही केलं.

शेवटी पालिकेची माणसं आली आणि सगळ्या मोटरी काढून घेऊन गेली. त्यासाठी बाहेरून माणसं यावी लागली, आम्हाला आपापसात ते जमलं नाही. म्हणून "लोकांनी मनाने द्यावं, सक्ती कशाला" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. मनाने मी काही बटण बंद केलं नव्हतं.

तर माझं म्हणणं साधं आहे. ती २५०० ची मर्यादा उठवा आणि साडेसतरा हजारवाल्याला सोडा. पैसा दिसेल असा पाण्यात, शाळेत, केईएमसारख्या दवाखान्यात घाला. मोठ्या वारशावर कर आणा. कसा, किती, ते शिकलेले लोक बसून ठरवतील, मला स्लिपा काढायला सांगा, मी काढते.

हो, एक राहिलंच. संध्याकाळी निघताना ऑफिसबॉय टेबलाशी आला. "मॅडम, या महिन्यात शंभर का जास्त कापले?" मी कॅसेट लावली. व्यवसाय कर, रोजगार हमी वगैरे. तो म्हणाला, "आमची आजी जायची की रोजगार हमीवर. खडी फोडायला." मग जरा थांबून म्हणाला, "साहेबांचे किती कापले?"

पगाराचं कुणाला सांगायचं नसतं, तसं मी सही करून दिलंय. तरी म्हटलं, "तीनशेच."

"सारखेच ना? मग ठीक आहे," म्हणाला, आणि माझा कप घेऊन गेला.